अंगठा आणि हजेरीपट

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यातील तीन दिवस जयपूरकर लवकर विसरणार नाहीत. राजस्थान सरकारला चतुर्थ श्रेणीचे ५३,७४९ कर्मचारी हवे होते. पाणी देणारे, फायली नेणारे, दारे उघडणारे. शिक्षणाची अट दहावी उत्तीर्ण एवढीच होती. अर्ज मात्र आले पावणेपंचवीस लाखांच्या घरात. परीक्षेच्या आदल्या रात्री सिंधी कॅम्पच्या बसतळावर आणि रेल्वेच्या फलाटांवर मुले वर्तमानपत्रे अंथरून निजली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कार्यालयाच्या फाटकाशी एका तरुणाने परीक्षाकेंद्राचा पत्ता विचारला. त्याच्या हातातील प्रवेशपत्र पाहून आम्ही रस्ता सांगितला आणि सहज विचारले, शिक्षण कुठवर झाले? तो म्हणाला, इतिहासात एम. ए. आम्हीही इतिहासाचेच पदवीधर आहोत, तेही केवळ बी. ए. दहा-बारा वर्षांपूर्वी एका परीक्षेत आमचा क्रमांक लागला म्हणून आम्ही फाटकाच्या आत आणि तो बाहेर, याहून दुसरे कारण आम्हांस तरी त्या क्षणी सुचले नाही.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत चहाच्या वेळी आमच्या विभागात बेकारीवर पुष्कळ उपाय निघाले. एकाने कारखाने काढावेत म्हटले, दुसऱ्याने शाळांतून हस्तकौशल्य शिकवावे म्हटले, तिसऱ्याने लोकसंख्येवर बोट ठेवले. यांपैकी कोणत्याच उपायात काही चूक आहे असे नाही. परंतु ते आम्ही शाळेत निबंध लिहीत होतो तेव्हापासून ऐकत आलो आहोत. आमच्या मनात मात्र त्या वेळी एका साध्या सरकारी कागदाचा विचार घोळत होता. तो कागद म्हणजे मजुरांचा हजेरीपट, ज्याला कामावरचे लोक मस्टर म्हणतात. बेकारी आणि लोकशिक्षण हे दोन प्रश्न आपल्या देशात वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या फायलींत राहतात. ते एकमेकांस भेटतात ते या हजेरीपटावर, आणि ती भेट घडवून आणण्यात अर्धा वाटा महाराष्ट्राचा व अर्धा राजस्थानचा आहे. पहिला अर्धा भाग मराठी वाचकांस थोडाबहुत ठाऊक असतो. दुसरा फारसा नसतो. जयपुरास येईपर्यंत आम्हांसही नव्हता.

या दोन प्रश्नांची गाठ प्रथम कोणी ओळखली असे विचारले तर आम्ही जोतीराव फुले यांचे नाव घेऊ. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन केले ते आजही वाचण्यासारखे आहे. सरकारचा महसूल भरतो रयत आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे, ही त्यांची तक्रार सर्वपरिचित आहे. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, ही मागणीही बहुतेकांस माहीत असते. परंतु त्याच निवेदनातील आणखी दोन मुद्द्यांकडे तितके लक्ष गेलेले नाही. एक असा की, उच्च शिक्षण घेऊन बाहेर पडणारी मुले सरकारी नोकरीवाचून अन्य कामास उपयोगी पडत नाहीत आणि नोकऱ्या तर आधीच भरून गेल्या आहेत. हे १८८२ चे निदान आहे. दुसरा मुद्दा शिक्षकांविषयीचा. प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, प्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास ज्यांस लाज वाटणार नाही असे ते असावेत, असे जोतीरावांनी सुचविले. गावच्या मुलाला गावातच शिक्षकाचे काम मिळावे, म्हणजे शाळाही चालेल आणि त्याची भाकरीही, असा त्या सूचनेचा व्यावहारिक अर्थ होतो. ही सूचना शंभर वर्षे पडून राहिली. ती पुढे कोठे उगवली ते योग्य ठिकाणी सांगू.

मधल्या काळाचा उल्लेख धावताच करतो. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व बडोदा संस्थानात नेले. गोखल्यांनी १९११ साली असेच विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. पुढल्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मग १९५० साली संविधान आले. त्याच्या चौथ्या भागात दोन कलमे जवळजवळ नांदत होती. एकेचाळिसाव्या कलमात कामाचा हक्क होता, पंचेचाळिसाव्यात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे मोफत व सक्तीचे शिक्षण होते. शिक्षणाच्या कलमास दहा वर्षांची मुदतही घातलेली होती. परंतु चौथ्या भागातील तत्त्वे न्यायालयात मागता येत नाहीत. शिक्षणाच्या कलमाचा हक्क होण्यास २००२ ची घटनादुरुस्ती आणि २००९ चा कायदा यावा लागला. कामाचे कलम आजही जेथे होते तेथेच आहे. त्याला कायद्याचे अंग देण्याचा पहिला गंभीर प्रयत्न ज्या भूमीत झाला ती सांगली जिल्ह्याची दुष्काळी भूमी होय.

विठ्ठल सखाराम पागे हे नाव हल्लीच्या तरुणांस सांगावे लागते. ते १९६० पासून १९७८ पर्यंत महाराष्ट्र विधानपरिषदेचे सभापती होते. वकील, स्वातंत्र्यसैनिक आणि संतवाङ्मयाचे अभ्यासक असा हा माणूस. १९६५ साली तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग त्यांच्या पुढाकाराने झाला. कल्पना अगदी साधी. खेड्यातील शेतमजुराला वर्षातून काही महिने काम असते, काही महिने नसते. नसेल तेव्हा त्याने अर्ज करावा आणि सरकारने त्याला अंगमेहनतीचे काम द्यावे; त्या कामातून बांध, पाझर तलाव, रस्ते असे काहीतरी गावाच्या कायम उपयोगाचे उभे राहावे. दुष्काळी कामे इंग्रजांच्या अमदानीतही निघत असत. परंतु ती सरकारच्या मर्जीने निघत आणि सरकारच्या मर्जीने बंद होत. पाग्यांनी मर्जीची बाजू उलटी केली. काम केव्हा लागेल ते मागणाऱ्याने ठरवावयाचे.

ही योजना १९७२ साली राज्यभर जाहीर झाली आणि त्याच वर्षी पावसाने पाठ फिरविली. बहात्तरच्या दुष्काळाविषयी आम्ही काय लिहावे? आमचा जन्म त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाला. परंतु आटपाडी तालुक्यातील आमच्या घरी तो दुष्काळ आजीच्या बोलण्यात कायम वस्तीला होता. मिलोची लाल भाकरी, कामावर वाटली जाणारी सुकडी आणि खडी फोडताना डोळ्यांत उडणारी कपची. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. त्या ५० लाखांत आमची आजी एक होती. तिला अक्षरओळख नव्हती. कामावर गेलेल्या प्रत्येक दिवसाची ती घराच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढीत असे. एका पगाराला भिंतीवर रेघा बारा होत्या आणि हजेरीपटावरून वाचून दाखविलेले दिवस नऊ. तिने हुज्जत घातली. तेव्हा हजेरी घेणारा म्हणाला, "तुला वाचता येतं का? मग इथं काय लिहिलंय ते मला सांग." आजीने नऊ दिवसांचे पैसे घेतले आणि अंगठा उठवला. आमचे वडील त्या वेळी तिसरीत होते व दुष्काळामुळे शाळा बुडवून आजीच्या मागे कामावर जात. दुसऱ्या दिवसापासून आजीने त्यांना कामावर येऊ दिले नाही. वडील पुढे प्राथमिक शिक्षक झाले आणि ही गोष्ट त्यांनी आम्हांला एकदाच, फार थोडक्यात सांगितली.

दुष्काळ सरल्यावर योजना पुन्हा मूळ रूपात आली. तिला पैसा कोठून आणावा हा प्रश्न ज्या रीतीने सोडविला गेला ती विशेष आहे. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातील पगारदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्याकडून थोडा थोडा कर घ्यावा, तितकीच भर राज्याने घालावी आणि त्या निधीतून खेड्यातील मजुराला काम द्यावे, अशी ही व्यवस्था. नोकरीची पहिली दोन वर्षे आम्ही पुण्यात काढली. वेतनचिठ्ठीत दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी एक कपात दिसे. तिच्यावर आम्ही इतरांप्रमाणेच कुरकुर करीत असू. तो पैसा कशासाठी घेण्यास आरंभ झाला होता हे जयपुरास बदली होऊन ती कपात थांबल्यावर, एका ग्रंथालयात बसून वाचताना कळले. आजीच्या नऊ दिवसांचे सोडा, तिच्यासारख्यांच्या पुढील वीस-पंचवीस वर्षांच्या कामाचे पैसे मुंबई-पुण्याच्या कारकुनांच्या पगारातून जात होते, हे कोणी आम्हांस शाळेत का सांगितले नाही, कोण जाणे.

१९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता देणे सरकारवर बंधनकारक झाले. किमान ५० मजूर जमले तर नवे काम काढावयाचे, खर्चातील किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर जावयाचा, अशी बंधने घातली गेली. मजुरी दिवसावर नव्हे तर कामाच्या मापावर मिळे. त्यात एक न्यायही होता: खणलेल्या मातीचे माप बाईचे आणि पुरुषाचे सारखेच लागते. म्हणूनच की काय, या कामांवर स्त्रिया फार मोठ्या संख्येने आल्या. अन्य राज्यांतील अर्थशास्त्री ही योजना पाहण्यास येऊ लागले, तिच्यावर प्रबंध लिहिले गेले.

परंतु तिची एक बाजू तशीच अंधारात राहिली. माप कोणी घेतले, पटावर नावे कोणाची चढली, दिवस किती लागले, हे सारे लिहिणाऱ्याच्या हाती होते आणि ज्यांच्याविषयी ते लिहिले जात होते त्यांतील बहुतेकांस ते वाचता येत नव्हते. खोट्या हजेरीपटांच्या तक्रारी महाराष्ट्रात वर्षानुवर्षे होत राहिल्या. चौकश्या झाल्या, माणसे निलंबित झाली. परंतु चौकशीही पुन्हा लिहिणाऱ्यांनीच लिहिणाऱ्यांची केलेली असे. आम्ही स्वतः लिहिणाऱ्यांच्या जातीचे आहोत. नोंदवही ज्याच्या ताब्यात असते त्याला तिचा किती आधार असतो, हे आम्हांस कोणी नव्याने सांगावयास नको. हमी महाराष्ट्राने दिली. पट उघडा करण्याचे काम मात्र दुसरीकडे व्हावयाचे होते.

जयपुरात मराठी माणसाने इतिहासाचा विषय काढला की समोरचा मनुष्य किंचित हसतो. येथे मराठ्यांची आठवण चौथाईची आहे. १७५१ च्या जानेवारीत या शहरात मराठ्यांची जी कत्तल झाली ती आणि १७८७ ची तुंग्याची लढाई जुन्या घराण्यांत अजून सांगितली जाते. तेव्हा पुण्याहून राजस्थानात येणारी प्रत्येक गोष्ट वसुलीचीच असते असे नाही, हे सांगण्यास रोजगार हमीचा दाखला आम्हांस बरा पडतो. मात्र तो देताना लगेच पुढचेही सांगावे लागते. ती कल्पना येथे येण्यापूर्वीच येथील मजुरांनी आपली निराळी लढाई आरंभिली होती.

१९८१ साली अजमेर जिल्ह्यात मदनगंज ते हरमाडा या रस्त्याचे दुष्काळी काम चालू होते. तेव्हा किमान वेतन दिवसाला ७ रुपये होते. परंतु मजुरी मापावर, तीही साऱ्या टोळीच्या एकत्र मापावर, त्यामुळे कित्येकांच्या हाती ७ रुपयांहून कमी पडत. सरकारचे म्हणणे असे की, दुष्काळी कामांना कामगार कायद्यांतून सूट देणारा १९६४ चा राज्याचा कायदा आहे, तेव्हा तक्रारीस जागाच नाही. तिलोनियाच्या संस्थेचे संजित रॉय, ज्यांना लोक बंकर रॉय म्हणून ओळखतात, यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८३ च्या जानेवारीत न्यायालयाने निकाल दिला की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे ही वेठबिगार आहे आणि दुष्काळाचे निमित्त सांगून ती करता येणार नाही. महाराष्ट्रातील ज्या मापाची आम्ही वर प्रशंसा केली त्याच मापाची ही दुसरी बाजू आहे.

या लढ्यात हरमाड्याची एक मजूर बाई पुढे होती. तिचे नाव नौरती बाई. तिला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हते. हे काम चालू असताना तिला जाणवले की कागद आपल्याला वाचता आला पाहिजे. ती तिलोनियास जाऊन वाचावयास शिकली, पुढे संगणकही शिकली व इतर बायांना शिकवू लागली. २०१० साली ती हरमाड्याची सरपंच झाली. १९८१ च्या जनगणनेत राजस्थानातील स्त्रियांची साक्षरता ११ टक्क्यांच्या आसपास होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या एका बाईने केवढे अंतर चालून दाखविले याची कल्पना येते.

परंतु सर्वांनी नौरती बाई होईपर्यंत थांबावयाचे काय? या प्रश्नाचे उत्तर अरवलीच्या डोंगरात, भीम तालुक्यातील देवडूंगरी या खेड्यात शोधले गेले. १९८७ साली अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकरसिंग ही मंडळी तेथे एका झोपडीवजा घरात राहावयास आली. अरुणा रॉय यांनी भारतीय प्रशासन सेवेतील नोकरी सोडली होती. शंकरसिंग त्याच भागातील, गाणी आणि बाहुल्यांचे खेळ करणारे. १ मे १९९० रोजी मजूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. तिच्याही लढ्यांचा आरंभ किमान मजुरीपासूनच झाला. मजूर मजुरी मागत, तर कार्यालयातून उत्तर येई की तुम्ही काम केलेच नाही, पट पाहा. पट दाखवा म्हटले की उत्तर येई, तो गोपनीय आहे.

तेव्हा त्यांनी जे केले त्यास आम्ही मोठे लोकशिक्षण समजतो. मिळतील तेथून कागद मिळवावयाचे, गावात मंडप घालावयाचा, सर्वांना बोलवावयाचे आणि हजेरीपट मोठ्याने वाचावयाचा. अशी पहिली जनसुनवाई २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराणा येथे झाली. नावे वाचली जाऊ लागली तसे लोक उठून उभे राहू लागले. ज्यांनी त्या कामावर कधी पाऊलही ठेवले नव्हते त्यांची नावे पटावर निघाली. इमारत कागदावर पुरी होती, प्रत्यक्षात तिचे काम अर्धवट पडले होते. मंडपातील बहुतेकांस अक्षर येत नव्हते. परंतु शेजारी कोण राहतो, कोण मेला, कोण सुरतेस गेला, हे त्यांना कोणत्याही दप्तरापेक्षा अधिक ठाऊक होते. एकाने वाचावे व शंभरांनी तपासावे, अशी ही शाळा होती.

पुढे ब्यावरला १९९६ च्या एप्रिलपासून चाळीस दिवस धरणे झाले. कागदांच्या नकला मिळाव्यात एवढीच मागणी. मजुरांनी घरून धान्य आणले, बाजारच्या व्यापाऱ्यांनी भाजी दिली. १९९७ साली जयपुरात ५३ दिवस धरणे झाले. त्याचा शेवट कसा झाला हे आमच्यासारख्या कारकुनास विशेष रुचते, म्हणून सांगतो. इतके दिवस उन्हात बसल्यावर सरकारकडून असे जाहीर झाले की, पंचायतीच्या कागदांच्या नकला मिळण्याचा नियम सहा महिन्यांपूर्वीच राजपत्रात प्रसिद्ध झालेला आहे! म्हणजे हक्क दिला गेला होता. फक्त तो ज्यांना दिला त्यांना कोणी सांगितले नव्हते. राजपत्र कोण वाचतो? आम्ही वाचतो, कारण ते आमचे काम आहे. तरी त्यातील किती आम्ही वाचून बाजूस ठेवतो, हे आमचे आम्हांस माहीत.

राजस्थानात माहितीच्या अधिकाराचा कायदा २००० साली झाला, देशात २००५ साली. त्याच २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा झाला व २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात पंधरा दिवसांत काम आणि न दिल्यास भत्ता हा भाग तासगावच्या बाजूचा आहे. सतराव्या कलमातील सामाजिक अंकेक्षण, म्हणजे ग्रामसभेपुढे सर्व हिशेब वाचून तपासणे, हा भाग कोट किराण्याच्या बाजूचा आहे. दोन्ही प्रवाह एका कायद्यात आले ते असे. २००६ च्या एप्रिलमध्ये डुंगरपूर जिल्ह्यातील सर्व २३७ पंचायतींतून शेकडो स्वयंसेवक पायी फिरले आणि कामावर जाऊन हजेरीपट तपासले गेले.

आता जोतीरावांची जी सूचना आम्ही मागे राखून ठेवली होती तिच्याकडे वळू. राजस्थानात वाळवंटी आणि डोंगरी भागात शाळेची इमारत असे, शिक्षकाची नेमणूकही असे, पण शिक्षक तेथे राहत नसे. शहरातून आलेल्या पदवीधराला तेथे ना घर ना सोबत. तोही बदलीच्या खटपटीत. अजमेर जिल्ह्यातील सिलोरा भागात तिलोनियाच्या संस्थेने प्रयोग केला की गावचाच तरुण किंवा तरुणी निवडून तिला शिकवावे आणि शिक्षक करावे. १९८७ साली राज्य सरकारने स्वीडनच्या साहाय्याने हीच योजना शिक्षाकर्मी या नावाने मोठ्या प्रमाणावर हाती घेतली. पुरुषास आठवी व स्त्रीस पाचवी इतके शिक्षण पुरे. मग सततचे प्रशिक्षण. दिवसा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी सोयीच्या वेळी चालणाऱ्या प्रहर पाठशाळा निघाल्या. ज्यांनी कधी जोतीरावांचे नाव ऐकले नसेल अशा मारवाडच्या ढाण्यांतून, नांगराला हात लावणारा शिक्षक असा शंभर वर्षांनी उभा राहिला. १९९२ साली अनिल बोर्डिया यांच्या पुढाकाराने लोकजुंबिश ही योजना निघाली. तीत गावकऱ्यांनी स्वतः गावाचा नकाशा काढून घरोघर कोणते मूल शाळेत जात नाही त्याची खूण करावयाची असे. १९९८ च्या मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि स्वीडनने आपली मदत थांबविली. राजस्थानच्या वाळूत झालेल्या स्फोटाने राजस्थानच्याच शाळांच्या पैशाला धक्का दिला, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे.

शिक्षाकर्मीची उणीव झाकण्याचे कारण नाही. त्यांना मिळे ते मानधन, वेतन नव्हे. गावात शिकवणारा स्वस्त मिळतो असे एकदा दिसले की सरकारला पूर्ण पगाराचा शिक्षक नेमण्याची घाई राहत नाही. इतर अनेक राज्यांतून अशाच अल्प वेतनाच्या शिक्षकांची जी प्रथा पडली ती आम्हांस मुळीच मान्य नाही. गरिबाच्या मुलाला अर्धा शिक्षक आणि शिक्षकाला अर्धा पगार, हे जोतीरावांच्या मागणीचे विडंबन होय. परंतु गावातील तरुणाला गावच्या शिक्षणात काम द्यावे हे मूळ सूत्र त्यामुळे खोटे ठरत नाही. राजस्थानातील स्त्रियांची साक्षरता १९९१ साली २०.४४ टक्के होती. २०११ साली ती ५२.१२ झाली. याचे श्रेय एकाच योजनेस देणे अप्रामाणिकपणाचे होईल. तथापि ज्या खेड्यांत शिक्षक टिकतच नव्हता तेथे पहिले अक्षर कोणी गिरविले, हे विसरून चालणार नाही.

२०२५ च्या डिसेंबरात संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले आणि खर्चातील राज्यांचा वाटा वाढला. त्याविषयी मत देण्यास १९६४ च्या वर्तणूक नियमांतील नववा नियम आम्हांस आड येतो, सबब तो विषय येथेच सोडतो. कायदा कोणताही असो, एक सूचना करण्यास मात्र हरकत नसावी. काम चालते तेथे हजेरी मांडणारा एक मेट असतो. त्याच्याबरोबर गावातीलच एक शिकलेला तरुण किंवा तरुणी पूर्ण वेतनावर नेमावी. तिने दर आठवड्यास पट मोठ्याने वाचून दाखवावा, संध्याकाळी मजुरांना त्याच पटावरील नावे आणि आकडे वाचावयास शिकवावेत, आणि कामावर बायांच्या मागे आलेल्या मुलांना परत शाळेत पोचवावे. पावणेपंचवीस लाख अर्जदारांना यातून काम मिळेल असे आम्ही म्हणत नाही. पण देशात अडीच लाखांहून अधिक ग्रामपंचायती आहेत, आणि आमच्या फाटकाशी पत्ता विचारणारा तो इतिहासाचा एम. ए. पाणी देण्यापेक्षा हे काम अधिक चांगले करील, याविषयी आम्हांस शंका नाही. या सूचनेची टिपणी लिहून वरिष्ठांकडे पाठवावी असे एकदा मनात आले होते. कोणत्या खात्याकडे पाठवावी, श्रम की शिक्षण, याचा निर्णय न झाल्याने ती अजून आमच्या खणात आहे.

२०२३ च्या हिवाळ्यात कार्यालयीन कामानिमित्त आम्हांस भीमच्या बाजूला जावे लागले. बसला वेळ होता म्हणून एका पंचायतीच्या कट्ट्यावर बसलो होतो. राजस्थानात पुष्कळ ठिकाणी असते तसे तेथील भिंतीवर मजुरांचे कोष्टक रंगविलेले होते: नाव, दिवस, रुपये. एक म्हातारी नातीला घेऊन आली. नात चौथी-पाचवीतली असावी. ती भिंतीवर बोट ठेवून एकेक नाव वाचीत खाली आली, आजीच्या नावाशी थांबली आणि म्हणाली, "अड़तालीस." म्हातारीने ओढणी सारखी केली व मान हलवली. "अड़तालीस कोनी. इक्यावन." मुलीने पुन्हा वाचले, भिंतीवर अठ्ठेचाळीसच होते. म्हातारी तेथून हलली नाही. थोड्या वेळाने आतून पंचायतीचा लिपिक बाहेर आला, काय प्रकार आहे ते त्याने ऐकून घेतले आणि काही न बोलता आत जाऊन हजेरीपट घेऊन आला. आमची बस लागली होती. तिघेही कट्ट्यावर पट उघडून बसले होते आणि मुलगी वाचीत होती.